रॉन डेनचे ७२८ यार्ड

रॉन डेन हा विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉलचे १९९६ ते १९९९ असे चार हंगाम खेळला. या काळात तो चेंडू घेऊन एकूण किती यार्ड धावला, याची दोन उत्तरं मिळतात. विद्यापीठाच्या नोंदीत ७,१२५ आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या नोंदीत ६,३९७. दोन्हीकडची बेरीज चोख आहे. मधले ७२८ यार्ड चार बाउल सामन्यांतले आहेत: १९९६च्या कॉपर बाउलमध्ये यूटाविरुद्ध २४६, १९९८च्या आउटबॅक बाउलमध्ये जॉर्जियाविरुद्ध ३६, १९९९च्या रोझ बाउलमध्ये यूसीएलएविरुद्ध २४६ आणि २०००च्या रोझ बाउलमध्ये स्टॅनफर्डविरुद्ध २००. हंगामाच्या शेवटी निमंत्रणावरून होणाऱ्या या सामन्यांतली वैयक्तिक आकडेवारी एनसीएए पूर्वी कारकिर्दीच्या बेरजेत धरत नसे. २००२पासून ती धरली जाऊ लागली, पण नियम मागच्या काळाला लावला नाही.

विद्यापीठाच्या गावात, मॅडिसनमध्ये, बॅजर्सचा (म्हणजे विस्कॉन्सिन संघाचा) सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, कोण, हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. डेन, मेल्विन गॉर्डन, जोनाथन टेलर, मॉन्टी बॉल आणि ॲलन अमीची ही पाच नावं त्यात नेहमी असतात. माझं उत्तर डेन आहे. ते उत्तर कसं निघतं हे सांगण्याआधी मोजपट्टीचा प्रश्न सोडवायला हवा. या वादात दिले जाणारे बहुतेक आकडे वेगवेगळ्या मापांनी मोजलेले असतात आणि तरीही एकाखाली एक मांडले जातात.

कारकिर्दीतल्या सर्वाधिक यार्डांचा अधिकृत विक्रम आज सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीच्या नावावर आहे. २०१६च्या डिसेंबरात लास वेगास बाउलमध्ये त्याने ६,४०५चा आकडा गाठला. म्हणजे डेनपेक्षा आठ यार्ड जास्त. पम्फ्रीचे बाउल सामने त्यात धरलेले आहेत, डेनचे धरलेले नाहीत. सर्वांचे बाउल धरले तर डेन ७,१२५, टेक्ससचा रिकी विल्यम्स ६,५९२, पिट्सबर्गचा टोनी डॉर्सेट ६,५२६ आणि त्यानंतर पम्फ्री ६,४०५ असा क्रम लागतो. पहिला चौथा होतो. पम्फ्रीच्या खेळाला यात काही कमीपणा नाही. चूक नोंदवहीची आहे.

विस्कॉन्सिनच्या घरातल्या वादातही हीच गडबड आहे. पहिल्या वर्षाच्या खेळाडूने एका हंगामात काढलेल्या सर्वाधिक यार्डांचा अधिकृत विक्रम टेलरचा मानला जातो: २०१७मध्ये १,९७७. त्यातले १३० ऑरेंज बाउलमधले. डेनने १९९६मध्ये, पहिल्याच वर्षी, बाउलसह २,१०९ यार्ड काढले होते. संघ त्या वर्षी १३ सामने खेळला आणि २०१७मध्ये १४. तरी अधिकृत यादीत डेनच्या नावापुढे १,८६३ लिहिलेलं असतं. दोघंही एकाच विद्यापीठाचे, दोघांनीही घरचे सामने कॅम्प रँडलच्याच मैदानावर खेळले, आणि जास्त यार्ड काढणारा यादीत खाली!

गॉर्डनच्या २०१४च्या हंगामाचंही असंच. त्याचे २,५८७ यार्ड २०२४च्या अखेरपर्यंत एका हंगामातले दुसऱ्या क्रमांकाचे धरले जात. वर बॅरी सँडर्स, ओक्लाहोमा स्टेट, १९८८, २,६२८ यार्ड. फरक फक्त ४१ यार्डांचा वाटतो. पण सँडर्सने ते ११ सामन्यांत काढले आणि त्याच्या हॉलिडे बाउलमधले २२२ यार्ड बेरजेत नाहीत. गॉर्डनच्या १४ सामन्यांत बिग टेन या विस्कॉन्सिनच्या गटाचा विजेतेपदाचा सामना आणि आउटबॅक बाउल दोन्ही आहेत. ते वगळले तर १२ सामन्यांत २,२६० उरतात. बॉलच्या २०११मधल्या ३९ टचडाउननी (चेंडू गोलरेषेपार नेण्याचे सहा गुण) सँडर्सची ‘बरोबरी’ केली असं सांगितलं जातं तेही याच प्रकारातलं. बॉलचे ३९ चौदा सामन्यांत आहेत, सँडर्सचे ३९ अकरा सामन्यांत, आणि हॉलिडे बाउलमधले पाच वेगळे. मी विस्कॉन्सिनच्या बाजूचा असूनही हे लिहितो. डेनसाठी जी मोजपट्टी मागायची, ती सँडर्सला नाकारता येत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की पूर्वी बाउल थोडे होते, सगळ्यांना संधी मिळत नसे, म्हणून ते धरणं अन्यायाचं ठरेल. ही वस्तुस्थिती आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बिग टेनच्या संघांना रोझ बाउलखेरीज दुसऱ्या कोणत्याही बाउलला जायची परवानगीच नव्हती. पण ही विषमता आजही आहे. ज्याचा संघ हरत राहतो त्याला आजही बाउल मिळत नाही आणि ज्याचा संघ जिंकतो त्याचे जादा सामने बेरजेत येतात. आज चालते ती विषमता १९९९ला का चालू नये? दुसरा आक्षेप म्हणजे जुन्या नोंदी बदलायच्या नसतात. एनसीएएने स्वतः त्या बदललेल्या आहेत. पेन स्टेटचे ११२ विजय २०१२मध्ये पुसले आणि २०१५मध्ये परत दिले. बेसबॉलमध्ये तर २०२४मध्ये कृष्णवर्णीयांच्या जुन्या, वेगळ्या नीग्रो लीगमधल्या खेळाडूंचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत घेतले गेले, आणि ते काम फार अवघड होतं, कारण कित्येक सामन्यांचे धावफलक शोधून काढावे लागले. बाउल सामन्यांचे धावफलक शोधावे लागत नाहीत, ते छापलेले आहेत. एनसीएएने प्रत्येक जुन्या विक्रमापुढे दोन रकाने द्यावेत, एक नियमित हंगामाचा आणि एक सर्व सामन्यांचा. नव्या खेळाडूंनाही तेच दोन रकाने लावावेत. एवढं झालं तर निम्मा वाद आपोआप मिटेल.

आता उरलेला निम्मा. तो आकड्यांच्या अर्थाचा आहे.

गॉर्डनच्या बाजूने बोलणारे सरासरी पुढे करतात. कारकिर्दीत ६३१ कॅरींमध्ये (चेंडू घेऊन केलेल्या धावांमध्ये) ४,९१५ यार्ड, म्हणजे कॅरीमागे ७.८. टेलरची सरासरी ६.७ आणि डेनची ५.८. फरक प्रचंड दिसतो. पण सरासरी हे या खेळात फसवं माप आहे, आणि ते का हे नियमातच दडलेलं आहे. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. चौथा प्रयत्न बहुधा चेंडू लांब लाथाडून देण्यात (पंट) जातो, म्हणून प्रत्यक्षात हातात तीनच असतात. समजा एका बॅकने २० कॅरींपैकी १९ वेळा तीन-तीन यार्ड काढले आणि एकदा ७०. सरासरी ६.३५. दुसऱ्याने वीसही वेळा पाच-पाच काढले. सरासरी ५. पहिल्याच्या तीन कॅरींचे होतात नऊ यार्ड, आणि चेंडू सोडून द्यावा लागतो. दुसरा दर दोन कॅरींना नवे चार प्रयत्न मिळवून देतो, घड्याळ चालू राहतं आणि समोरची बचावफळी मैदानावर उभी राहून दमते. ७० यार्डांच्या धावेचे सहा गुण मोलाचे आहेत, ते मी नाकारत नाही. पण सरासरी एकटी पाहिली तर तिच्यात किती पंटही लपले आहेत ते कळत नाही.

गॉर्डनची बरीच मोठी सरासरी जेट स्वीपमधून आलेली आहे. या चालीत बॅक, चेंडू खेळात येण्याआधीच, आडवा धावत सुटलेला असतो. चेंडू त्याच्या हातात पडतो तेव्हा तो पूर्ण वेगात असतो, आणि कडेचा बचावपटू अजून जागेवरच उभा. तो आत झुकला तर बाहेरची वाट मोकळी होते, बाहेर सरकला तर आतल्या धावेसाठी भगदाड पडतं. २०१२च्या बिग टेन विजेतेपदाच्या सामन्यात नेब्रास्काला हेच उमगलं नाही. गॉर्डनने फक्त नऊ कॅरींमध्ये २१६ यार्ड काढले आणि विस्कॉन्सिन ७०-३१ असं जिंकलं. त्याच सामन्यात बॉलने २०२ आणि जेम्स व्हाइटने १०९ काढले. मधल्या फळीत बॉल घुसणार या धास्तीने बचावपटू आत ओढले गेले होते आणि कडा रिकाम्या पडल्या होत्या. गॉर्डनच्या त्या २१६ यार्डांत बॉलचाही वाटा आहे.

डेनचं काम याच्या नेमकं उलट होतं. आय फॉर्मेशन (बॅक एकामागे एक उभे), पुढे वाट मोकळी करणारा फुलबॅक, आणि पॉवर नावाची चाल. या चालीत मागच्या बाजूचा गार्ड, म्हणजे आक्रमक फळीतला खेळाडू, आपली जागा सोडून आडवा धावत येतो, फुलबॅक कडेच्या बचावपटूला बाहेर ढकलतो, आणि बॅक त्या दोघांमधल्या फटीतून आत शिरतो. गार्डला अर्धा क्षण उशीर झाला की बचावफळीमागे उभा असलेला लाइनबॅकर ती फट बुजवतो. हलका बॅक तिथेच थांबतो, कधी मागे ढकलला जातो. डेनचं वजन अडीचशे पौंडांहून जास्त होतं आणि उंची पाच फूट दहा इंच. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली, आणि टॅकल करणाऱ्याला, म्हणजे पकडून पाडणाऱ्याला, पाय सापडेपर्यंत दोन यार्ड पुढे सरकलेले. चाल फसली तरी दोन-तीन यार्ड मिळणं, ही त्याची खरी कमाई होती. सरासरीत ती दिसत नाही, पण तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) दोन यार्ड हवे असताना तिची किंमत कळते.

विस्कॉन्सिनमध्ये आक्रमक फळीच इतकी मजबूत असते की कोणीही पळेल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. १९९०मध्ये बॅरी अल्वारेझ आल्यापासून हा संघ राज्यातल्याच शेतकरी गावांतून आणि आसपासच्या राज्यांतून धिप्पाड मुलं शोधून त्यांना घडवत आला आहे, हे खरं. डेनला चारही वर्षं ख्रिस मॅकिन्टॉश फळीत टॅकलच्या जागी होता आणि १९९८मध्ये पावणेचारशे पौंडांच्या आसपासचा ॲरन गिब्सन. बॉलला गेब कॅरिमीच्या वेळची फळी मिळाली, टेलरला टायलर बियादाश सेंटरवर मिळाला. म्हणूनच हा मुद्दा घरच्या वादात निकामी ठरतो. वेगवेगळ्या विद्यापीठांच्या बॅकांची तुलना करताना फळीचा फरक मोजणं जवळजवळ अशक्य असतं. एकाच विद्यापीठात तो बराचसा कटतो, कारण सगळ्यांनाच चांगली फळी मिळालेली आहे.

जे कटत नाही ते क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्याचं. २०११मध्ये बॉलच्या शेजारी रसेल विल्सन उभा होता. त्याचं पासिंगचं रेटिंग त्या हंगामात १९१.८, म्हणजे तोवरचा राष्ट्रीय विक्रम. अशा क्वार्टरबॅकसमोर सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) मागेच थांबतात आणि बॅकला सात जणांना तोंड द्यावं लागतं, आठ-नऊ जणांना नाही. डेनच्या शेवटच्या वर्षी ब्रुक्स बॉलिंजर हा पहिल्या वर्षाचा खेळाडू क्वार्टरबॅकला होता. चेंडू कोणाकडे जाणार, हे मैदानावरच्या बावीस जणांना आणि प्रेक्षकांनाही ठाऊक असायचं. त्याचे तोटेही दिसले. १९९९च्या मिशिगनविरुद्धच्या सामन्यात डेनने पूर्वार्धात ८८ यार्ड काढले आणि उत्तरार्धात एकही नाही. विस्कॉन्सिन २१-१६ असं हरलं. बचावपटूंची गर्दी मध्यभागी झाली आणि हवेतून शिक्षा करायला कोणी नव्हतं, तर सर्वोत्तम बॅकचंही काय होतं याचा हा नमुना आहे. पुढच्याच आठवड्यात कोलंबसला ओहायो स्टेटविरुद्ध १७-० अशी पिछाडी असताना डेनने १६१ यार्ड आणि चार टचडाउन काढून ४२-१७ असा विजय मिळवून दिला.

गॉर्डनबद्दल इथे न्यायाने बोललं पाहिजे. २०१४मध्ये विस्कॉन्सिनचं पासिंग दुबळं होतं, गर्दी त्याच्यासमोरही होत होती, आणि तरी ३४३ कॅरींमध्ये त्याची सरासरी ७.५ राहिली. त्या वर्षी नेब्रास्काविरुद्ध फक्त २५ कॅरींमध्ये त्याने ४०८ यार्ड काढले, तेही चौथ्या सत्रात मैदानावर न उतरता. लाडेनियन टॉमलिन्सनचा ४०६चा विक्रम मोडला (आठवडाभरातच ओक्लाहोमाच्या समाजे पेराइनने ४२७ काढले). एकच हंगाम निवडायचा असेल तर मी गॉर्डनचं २०१४ निवडेन, डेनचं १९९९ नाही. पण प्रश्न कारकिर्दीचा आहे. आधीच्या दोन वर्षांत तो बॉल आणि व्हाइटबरोबर कॅरी वाटून घेत होता, आणि ताज्या पायांवर सरासरी चढते. त्याच्या ६३१ कॅरींच्या जवळपास दुप्पट, १,२२०, डेनने केल्या. आणि २०१४च्या विजेतेपदाच्या सामन्यात ओहायो स्टेटने गॉर्डनला २६ कॅरींमध्ये ७६ यार्डांवर रोखलं. ५९-० असा तो निकाल लागला. सगळा दोष त्याचा नाही, पण कारकीर्द तोलताना तो सामना बाजूला ठेवता येत नाही.

डेनला खरं आव्हान टेलरचं आहे. तीन हंगामांत १,९७७, २,१९४ आणि २,००३, एकूण ६,१७४ यार्ड, ४१ सामन्यांत. सामन्यामागे १५०.६. डेनचे बाउल धरून ४७ सामने, सामन्यामागे १५१.६. म्हणजे एका यार्डाचा फरक! तोच आकडा गाठायला डेनला सामन्यामागे २६ कॅरी लागल्या, टेलरला साडेबावीस. टेलरचा वेग जास्त, मोकळ्या मैदानात तो पकडला जात नसे, आणि २०१९मध्ये त्याने २६ झेल घेऊन पाच टचडाउनही केले, जे डेनच्या खेळात कधी नव्हतंच. चौथं वर्ष खेळला असता तर ७,१२५ मागे टाकायला त्याला फक्त ९५२ यार्ड लागले असते. उत्कृष्ट रनिंग बॅकचा डोक वॉकर पुरस्कार त्याने सलग दोनदा जिंकला.

तरी मी त्याला दुसरा ठेवतो, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं फंबल. तीन वर्षांत १८ वेळा त्याच्या हातून चेंडू सुटला, म्हणजे साधारण दर ५१ कॅरींना एकदा. चेंडू गमावला की आपली चढाई संपते आणि शिवाय प्रतिस्पर्ध्याला पंटशिवाय, मैदानाच्या सोयीच्या भागात चेंडू मिळतो. दहा यार्डांच्या तीन सुंदर धावांची कमाई एका फंबलात जाते. २०१९च्या ऑक्टोबरात सहाच्या सहा सामने जिंकलेला विस्कॉन्सिन संघ इलिनॉयविरुद्ध २४-२३ असा हरला. चौथ्या सत्रात आधी टेलरचा फंबल, मग क्वार्टरबॅकचं इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलणं), आणि शेवटी घड्याळ संपताना इलिनॉयचा फील्ड गोल (लाथेने मारलेला). दुसरं कारण मोठ्या सामन्यांचं. ओहायो स्टेटविरुद्ध टेलरने २०१७मध्ये ४१, २०१९च्या नियमित सामन्यात ५२ आणि त्याच वर्षी विजेतेपदाच्या सामन्यात १४८ यार्ड काढले. तिन्ही पराभव. डेनने दोन सलग रोझ बाउल जिंकून दिले, दोन्हींत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि बिग टेनच्या कोणत्याही संघाने त्याआधी सलग दोन रोझ बाउल जिंकले नव्हते. आणि नेमके तेच ४४६ यार्ड अधिकृत नोंदीत धरले जात नाहीत. क्रिकेटच्या वाचकाला सांगायचं तर एखाद्या फलंदाजाच्या कारकिर्दीच्या बेरजेतून विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांतल्या धावा वजा कराव्यात तसं हे आहे.

व्यावसायिक कारकीर्द या वादात आणू नये. टेलरने २०२१मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सर्वाधिक १,८११ यार्ड काढले. डेनला न्यूयॉर्क जायंट्सने २०००च्या खेळाडू-निवडीत अकराव्या क्रमांकावर घेतलं, आणि तिथे त्याला टिकी बार्बरबरोबर कॅरी वाटून घ्याव्या लागल्या. विसाव्या कॅरीपासून ज्याचं वजन समोरच्याला जड वाटू लागतं, असा बॅक दहा कॅरींत तोलता येत नाही. पण ते जायंट्सचं गणित. इथे विस्कॉन्सिनचा हिशेब चालू आहे.

बॉलचे ७७ रनिंग टचडाउन, एकूण ८३, आणि सलग तीन रोझ बाउलमध्ये टचडाउन करणारा तो पहिलाच खेळाडू. गोलरेषेजवळ त्याच्याइतका भरवशाचा बॅक या संघाला मिळाला नाही, हे मी मान्य करतो. पण ते तिन्ही रोझ बाउल संघ हरला, आणि ५.६ची सरासरी, तीही एक वर्ष विल्सनच्या शेजारी उभं राहून, त्याला वरच्या तिघांच्या रांगेत बसवत नाही.

राहिला ॲलन अमीची, केनोशाचा, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराचा १९५४चा विजेता. त्याचे ३,२१२ यार्ड तेव्हा राष्ट्रीय विक्रम होते. १९५३च्या रोझ बाउलमधले १३३ वेगळे, तेही बेरजेत नाहीत. आजच्या तरुणांना ३,२१२ हा दीड हंगामाचा आकडा वाटतो. पण त्या काळी हंगाम नऊ-दहा सामन्यांचा होता, आणि १९५३पासून नियम बदलून एकाच खेळाडूला चढाई आणि बचाव दोन्ही करायला लागत असे. अमीची बॅक म्हणून पळत होता आणि चेंडू गेला की लाइनबॅकर म्हणून उभा राहत होता. त्याने किती टॅकल केले हे कोणत्याही अधिकृत बेरजेत नाही, तेव्हा ते मोजतच नसत. माझ्या यादीत तो डेन, टेलर आणि गॉर्डननंतर चौथा आहे, बॉलच्या वर. कारण बॉलच्या टचडाउनमागे विल्सन आणि चौदा सामन्यांचा हंगाम होता. अमीचीला मधल्या विश्रांतीच्या जागी टॅकल करायचे होते.